फळ्यावरचा सुविचार : नाव कुणाचं, अक्षर केवढं?

वाचनकट्टा :
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या फाटकाशी ४ × ३ फुटांचा काळा फळा लावलाय. सौंदर्य, स्वातंत्र्य, ध्यास अशा विषयांवर रोज एक वचन लिहायचं ठरलंय. फॉरवर्डमधल्या वचनांखालचं नाव खरं आहे का, हे कसं तपासायचं? आणि १५ फुटांवरून वाचता यावं म्हणून अक्षर केवढं हवं?

गाथासूची :
नुसतं नाव पुरत नाही. पुस्तक, प्रकरण किंवा पत्र सापडलं पाहिजे. 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन' हे फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरचं म्हणून सगळीकडे फिरतं. ते लिहिलं एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेने, १९०६ च्या पुस्तकात. व्हॉल्तेअरची वृत्ती तिने स्वतःच्या शब्दांत मांडली. अवतरणचिन्हांमुळे वाचकांना ते त्याचेच शब्द वाटले.

आपल्याकडेही घोळ आहेत. बहिणाबाई दोन आहेत. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हे १७ व्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंचं. 'मन वढाय वढाय' हे खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं (१८८०–१९५१). त्यातल्या 'वढाय'चं 'ओढाळ' करू नका, ती त्यांची बोली आहे.

अभंगात 'तुका म्हणे' दिसलं म्हणून तो तुकोबांचाच असं नाही. गाथेची सूची सहसा पहिल्या चरणावरून असते. मधलीच ओळ हाती असेल तर आधी पूर्ण अभंग शोधा, मग सूची पाहा.

खडूफळा :
१५ फुटांसाठी अक्षराचं अंग २ इंच ठेवा. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार यांना जागा लागते, म्हणून एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत ५ इंच. दोन्ही बाजूंना ३ इंच सोडले की ओळीत चार-पाच शब्द बसतात. ३६ इंचांत तारीख आणि नाव धरून सातच ओळी मावतात, वचनाला पाच उरतात, म्हणजे वचन २० शब्दांच्या आतलं निवडा. लांब वचन कोंबलं की अक्षर बारीक होतं आणि फाटकापासून कुणालाच दिसत नाही.

खडूची पूड लावलेला दोरा ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटते. अक्षरं त्या रेघेखाली लटकवा, शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर. पांढरा आणि पिवळा खडूच वापरा. लाल-निळा काळ्यावर लांबून बुडतो. ओला खडू वाळल्यावर ठसठशीत दिसतो, पण पुसायला चिवट. ओल्या फडक्याने पुसलंत तर फळा पूर्ण वाळू द्या. फळा नवा असेल तर आधी खडू आडवा धरून सगळीकडे घासा आणि कोरड्या डस्टरने पुसा. हे राहिलं तर पहिलंच लिखाण कायमचं पुसट दिसत राहतं.

वाचनकट्टा :
मनापासून आभार! इंग्रजी वचनातल्या 'पॅशन'ला काय लिहायचं?

गाथासूची :
संदर्भ बघून. कामाबद्दल असेल तर 'ध्यास', अन्यायाबद्दल असेल तर 'तळमळ', प्रेमाबद्दल असेल तर 'उत्कटता'. 'आवड' फार सौम्य पडतो. आणि अनुवाद तुमचा असेल तर मूळ लेखकाच्या नावापुढे 'भावानुवाद' असं नक्की लिहा.