'पाचोळा' सरांनी शिकवायची की पोरांनी वाचायची?

मोंढ्यातला मास्तर:
बी.ए.ला रा. रं. बोराडेंची 'पाचोळा' (१९७१) ही कादंबरी घेतली. ग्रंथालयात प्रती सहा, वर्गात पोरं तीस. म्हणून पाच-पाचांचे गट पाडले. एकानं मोठ्यानं वाचायचं, अडलं की थांबायचं. शिंप्याच्या बायकोनं आपल्याच बोलीत सांगितलेली गोष्ट. एखाद्या शब्दाचा अर्थ मी सांगायला जावं, तर मागच्या बाकावरची पोरगी माझ्याआधी सांगते. एरवी 'आपलं बोलणं अशुद्ध' म्हणून तोंड न उघडणारी. चूक शिंप्याची की गावाची, यावर एक गट तास संपला तरी उठेना. माझं मत झालंय : कादंबरीवर व्याख्यान नकोच.

बालाघाटी:
सर, राग मानू नका. गटात एक वाचतो, तिघं मोबाइल बघतात, पाचवी उतरवून घेते. आणि दिवाळीनंतर काय? आमच्याकडं आईबाप ऊसतोडीला गेले की म्हातारी, जनावरं, धाकटी भावंडं सगळी याच पोरांवर. दोघं गळाले की गट संपला. व्याख्यानाचं तसं नाही, आला त्या दिवशी ऐकलं.

परीक्षार्थी:
आम्हाला 'कोसला' (१९६३) व्याख्यानातूनच शिकवली. अस्तित्ववाद झाला, देशीवाद झाला. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर माझ्यासारखाच खेड्यातून शिकायला गेलेला पोरगा आहे, हे दोन वर्षांनी पुस्तक हातात घेतल्यावर कळलं. मार्क चांगले होते, बरं का.

गोदाकाठ:
माझा अनुभव उलटा. 'बनगरवाडी' (१९५५) गटांवर सोडली. पोरांनी 'दुष्काळाची कादंबरी' म्हणून दोन आठवड्यांत उरकली. दुष्काळ ओळखीचा ना! पण ती वाडी औंध संस्थानातली. तिथल्या राजाचं आणि रयतेचं नातं काय, तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो याचं वाडीला एवढं अप्रूप का, हे निजामाच्या मुलखातल्या पोरांना कोण सांगणार? आमच्या आज्यांनी राजा म्हणून वेगळंच काही पाहिलं होतं.

मोंढ्यातला मास्तर:
गोदाकाठ, पटलं. 'नकोच' हा शब्द मागे घेतो. बोलेन, पण पोरांचं वाचून झाल्यावर. आधी बोललो की ती माझंच वाचतात. बालाघाटी, माझेही दोन गट मोडले. मग हजेरीच्या क्रमांकानं पाडणं सोडलं, एका एस.टी.नं येणाऱ्यांचा एक गट केला. आता वाचन गाडीतच होतं.

बालाघाटी:
सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळते त्यांना?

मोंढ्यातला मास्तर:
नाही. वाचणाऱ्याला तेवढी खिडकी धरून देतात, बाकीचे उभे.