दिवाळीत मसाई मारा की मे महिन्यात सेरेंगेटी? सल्ला हवा आहे

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी. पूर्व आफ्रिकेच्या सफारीचं आमच्या घरात बरीच वर्षं चाललंय, आता कुठे पैसे जमलेत. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे चौघं आहोत. शाळेमुळे दिवाळीची सुट्टी नाहीतर मे, एवढंच जमतं. मुलाला विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडताना पाहायचेत आणि सासूबाईंना पोटभर हत्ती. टूरवाले दोन्ही वेळांना 'ग्रेट मायग्रेशन', म्हणजे या कळपांचं स्थलांतर, दाखवतो म्हणतात. यात कितपत तथ्य आहे?

रानवाटा
मृण्मयीताई, स्थलांतर बाराही महिने चालू असतं, त्यामुळे टूरवाले अगदीच खोटं बोलत नाहीत. पण तुम्ही जाल तेव्हा कळप कुठे असतील, हे ते सांगत नाहीत. खरा प्रश्न तोच आहे. आधी महिना ठरवा, मग त्या महिन्याला शोभेल ती जागा.

पाऊस पडेल तिकडे गवत आणि गवताच्या मागे कळप, असा सगळा प्रकार आहे. डिसेंबर ते मार्च ते टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या आसपासच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात. एप्रिल-मे मोठा पाऊस. तेव्हा ते सेरेंगेटीच्या मध्यभागातल्या सेरोनेरावरून वायव्येला सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेटी नदीच्या पट्ट्यात पोचतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू झाला की परत दक्षिणेकडे. पाऊस पुढेमागे झाला की हे सगळंच पुढेमागे होतं, म्हणून कुणी नक्की तारीख देत असेल तर विश्वास ठेवू नका.

मे मध्ये मी घरच्यांना नेणार नाही. मारात आपल्या मराठवाड्यासारखीच काळी कापसाची माती आहे. एक मोठी सर आली की जीप रुतते, आणि सासूबाईंना त्या हिसक्यांचा त्रास होईल. गवत उंच वाढलेलं असतं, पाणी सगळीकडे असल्यामुळे प्राणी पांगलेले असतात. काही कॅम्प तर बंदच ठेवतात. दर उतरतात ते यामुळेच.

दिवाळी चांगली, पण नदीची आशा धरू नका. दिवाळी ऑक्टोबरात लवकर आली तर मागे रेंगाळलेले कळप दिसू शकतात. नोव्हेंबरात आली तर बहुतेक कळप टांझानियात उतरलेले असतात. तरी मारा रिकामं होत नाही. सिंह, चित्ते, तरस, हत्ती, जिराफ तिथेच राहणारे. लाखो तोंडांनी गवत चरून खाली आणलेलं असतं, त्यामुळे चित्ता लांबूनही नजरेत येतो.

किनारा
मुलाचं मन मोडू नका हो. ऑगस्टमध्ये मारा नदीकाठी आम्ही पाहिलंय ते शब्दांत येत नाही. कळप काठावर येतो, पुढचे थबकतात, मागचे रेटतात, तासभर काहीच होत नाही. मग एक उडी मारतो आणि धुळीचा लोट उठतो. शाळेतून आठवडाभर रजा मिळत असेल तर ऑगस्टच गाठा.

रानवाटा
किनारा, दृश्य अद्भुत आहे, वादच नाही. पण कित्येकदा कळप दिवसभर काठावर थांबून मागे फिरतो, आणि त्याला बऱ्याचदा जीपच कारण असतात. चढून जायची वाटच गाड्यांनी अडवलेली असते. जाल तेव्हा ड्रायव्हरला आधीच बजावून सांगा: पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत गाडी मागे ठेवायची. त्यात खर्चही बघा. परदेशी प्रौढाला माराचं १२ तासांचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आहे, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर.

रजाच काढायची तर माझं मत फेब्रुवारी आणि न्डुटू. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. सगळी एकदम जन्मल्यामुळे शिकारी प्राणी खाऊन खाऊन किती खाणार, बाकीची तगतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून माद्या विण्यासाठी तिथेच येतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहून आईमागे धावायला लागतं. मुलाला हे दाखवाच कधीतरी.

नैरोबीकर
ताई, दिवाळीत येणार असाल तर दोन जागा करा, मारा आणि केनियातलंच अंबोसेली राष्ट्रीय उद्यान. अंबोसेलीत किलिमांजारोच्या बाजूने जमिनीखालून येणाऱ्या पाण्याच्या दलदली आहेत. हत्ती त्यात पोटापर्यंत उभे राहून चरतात, सासूबाईंना गाडीतून उतरावंही लागणार नाही. हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून इथल्या हत्तींच्या पिढ्यान्पिढ्यांचा अभ्यास केलाय, त्यामुळे गाईड हत्तींची कुटुंबं ओळखून सांगतात. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर मात्र बरेच कळप उद्यानाबाहेर पांगतात. डोंगर पहाटे दिसतो, नंतर ढगात जातो.

मारात राहायला मुख्य अभयारण्याला लागून असलेली कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे स्थानिक मसाईंच्या जमिनीवरचं खासगी राखीव क्षेत्र, बघा. गाड्या मोजक्या, रात्रीची सफारी करता येते, रस्ता सोडून गाडी नेता येते. महाग पडतं, पण सासूबाईंसाठी तिथेच पैसे घाला. नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात. विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण तासात नेतं. सामान १५ किलो, तेही मऊ पिशवीत. पहाटे स्वेटर लागतोच. शाकाहारी जेवणाची काळजी नको, आधी कळवलं की डाळ-भात करतात. प्लास्टिकच्या कॅरीबॅग आणू नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे.

पाखरू
नोव्हेंबरात जाताय तर आभाळाकडेही बघा. अमूर ससाणे ईशान्य भारतातून निघून आपल्या महाराष्ट्रावरून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. लोणावळ्यात थांबतात तेच. महिन्याच्या शेवटी केनियातल्या त्सावो उद्यानाच्या बाजूला पावसाच्या ढगांसोबत येतात, उडणारी वाळवी टिपत. मुलाला दुर्बीण घेऊन द्या.

मृण्मयी_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळी नक्की केली: आधी अंबोसेली, मग मारात कॉन्झर्व्हन्सी. मुलाला नदीचं सांगितलं, थोडा हिरमुसला, पण रात्रीच्या सफारीवर खूश आहे. पिवळ्या तापाची लस सगळ्यांना लागतेच का?

नैरोबीकर
हो. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. दाखला नसेल तर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सासूबाईंचं मात्र वेगळं आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना धोका जास्त असतो, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.