पॉप-अप कॅम्पर: सगळं असलेला घ्यावा की रिकामं शेल?

माळरान:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे टोयोटा टकोमा पिकअप आहे, 6 फुटी हौद्याची. आजवर तंबू घेऊन फिरलो. आता बायकोचा उजवा खांदा आखडलाय, हात खांद्याच्या वर जात नाही. वाऱ्यात तंबू ताणत उभं राहणं तिला नकोसं झालंय, पण फिरणं सोडायची तिची बिलकूल तयारी नाही. म्हणून हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची सोय असलेली खोली, घ्यायचं ठरवलं. कडक भिंतींचे पाहिले. ते उंच आणि जड. आमचे रस्ते फांद्यांखालून आणि धोंड्यांवरून जाणारे, त्यामुळे छत खाली बसवता येणारा, म्हणजे पॉप-अपच हवा, यावर आमचं एकमत आहे.

सध्या दोन वापरलेले कॅम्पर समोर आहेत. पहिल्यात सगळं आहे: शेगडी, सिंक, फ्रिज, गॅसचा हीटर, 75 लिटरची पाण्याची टाकी. छत बटण दाबलं की वर जातं. माहितीपत्रकात कोरडं वजन 455 किलो दिलंय. दुसरं निव्वळ शेल आहे. ॲल्युमिनियमचा सांगाडा, पुढे केबिनवर झोपायची जागा, आत फक्त दोन बाकं. छत हातानं उचलावं लागतं. मालकानं ते काट्यावर तोललंय, 310 किलो.

बायकोला पहिला आवडलाय आणि त्याचं कारण ते बटण. मलाही तो आवडलाय. थंडीच्या सुरुवातीपर्यंत आम्ही उंचावर राहतो, तेव्हा हीटर लागतोच. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरलेत त्यांनी मोकळेपणानं सांगा.

नटबोल्ट:

माळरान, कॅम्पर बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचं टायरचं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती, तो आकडा इथे लिहा. तुमच्याच गाडीवरचा हवा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही त्यात फरक असतो, इंटरनेटवरचा घेऊ नका.

माळरान:

525 किलो. आम्हा दोघांचं वजन मिळून 135.

नटबोल्ट:

मग पहिल्याचा निकाल लागला. 135 आणि 455 मिळून 590. म्हणजे पाण्याचा थेंब भरायच्या आत 65 किलो जास्त. त्यात भरलेली टाकी 75, गॅसचं भरलेलं सिलिंडर 17, लेड-ॲसिडची बॅटरी 28, अंथरूण-पांघरूण, कपडे, खाणं, हत्यारं धरून निदान 60. बेरीज 770 होते. मर्यादेपेक्षा 245 किलो जास्त! शिवाय कोरडं वजन म्हणजे बहुतेक वेळा जादा सोयी न धरता सांगितलेलं वजन. चांदणी (बाहेर ताणायचं सावलीचं कापड), फ्रिज, हीटर हे त्यात धरलंय की नाही हे लिहून घ्या.

आता कोणीतरी सांगेल की मागच्या स्प्रिंगला हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग टाका, स्प्रिंगचे पाटे वाढवा. टाका, त्यानं बसलेली मागची बाजू वर येते आणि वळणावर डोलणं कमी होतं. पण ब्रेक तेच राहतात, ॲक्सल तोच, बेअरिंग तेच. लेबलवरचा आकडा एअरबॅगनं एका किलोनंही वाढत नाही. उतारावर ब्रेक तापून पेडल मऊ पडलं की हे कळतं, आणि ती जागा हे कळायची नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जोर देऊन लिहितोय.

दुसरी गोष्ट तोलाची. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे पडला पाहिजे. मागे पडला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला पोकळ लागतं. गाडीच्या पुस्तिकेत कॅम्परसाठी जागा नेमून दिलेली असते, ती पहा. आणि टायरवरचा लोड इंडेक्सही वाचा. 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो, 115 म्हणजे 1215.

माळरान:

आकडे वाचून आम्ही दोघंही गप्प झालो. पण मग खांद्याचं काय? शेलचं छत ती उचलू शकणार नाही आणि ती अधूनमधून एकटीही जाते.

रानवाट:

मी दोन्ही वापरलेत. आधी बटणाचा, आता हाताचा. तुमच्या बायकोचा प्रश्न मला नीट समजतो, कारण माझी उंची पाच फुटांच्या आत आहे आणि माझा हातही छताला सहज पोचत नाही.

हातानं उचलायच्या छताला आत पुढच्या आणि मागच्या टोकाला प्लायवूडच्या घडीच्या फळ्या असतात, लांब बिजागरीवर दुमडणाऱ्या. आधी बाहेरच्या सगळ्या कड्या सोडायच्या, मग आत जाऊन फळी वर ढकलायची. ती सरळ झाली की अडकते. मागची उभं राहून होते. पुढची अवघड, कारण ती झोपायच्या जागेवर असते आणि गादीवर गुडघे टेकून वाकून ढकलावी लागते. मी ती हातानं ढकलतच नाही. पाठ छताला लावते आणि मांड्यांच्या जोरावर उठते. खांद्याला काम पडत नाही. तरी तुमच्यासाठी खरा उपाय म्हणजे बाहेरून चार कोपऱ्यांना गॅस स्ट्रट लावणं. मोटारीच्या डिकीला असतात तसेच. छताचं वजन बघून त्यांचा जोर निवडायचा. मग छत बोटभर ढकललं की वर जातं. मात्र खाली आणताना तेच स्ट्रट उलट जोर करतात, म्हणून आत दोन पट्टे बांधून ठेवा आणि अंगाचा भार टाकून ओढा. ओढायला हात वर न्यावा लागत नाही, पट्टा लांब ठेवला की कमरेपाशी येतो. घेण्यापूर्वी तिलाच हे करून बघू द्या, तुम्ही मदत न करता.

छतावर काही ठेवू नका. काचेचं 100 वॉटचं एक सोलर पॅनेल सात-आठ किलोंचं, त्याचा कठडा वेगळा, आणि हे सगळं प्रत्येक वेळी उचलायचं. घडीचं पॅनेल घ्या आणि जमिनीवर मांडा. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात, हा फायदा छतावर मिळत नाही.

बटणाबद्दल एकच: मोटार किंवा केबल बिघडली तर छत हातानं खाली कसं आणायचं हे आधी शिकून घ्यावं लागतं. वर अडकलेलं छत घेऊन गाडी हलवता येत नाही.

आता कापडाकडे या, कारण पॉप-अपमध्ये राहणं म्हणजे कापडात राहणं. भिंतीचं कापड बहुधा विनाइलचा लेप दिलेलं असतं. उन्हाळ्यात ते मऊ असतं, गारठ्यात ताठरतं आणि घडीवर तडकू शकतं. कडाक्याच्या सकाळी घाईनं छत पाडू नका, आधी आत थोडी ऊब करा, कापड सैल पडू द्या. छत खाली येताना आतली हवा कापडाला बाहेर फुगवते आणि फुगा कडेच्या पट्टीत चेमटतो. त्याला सोपा इलाज आहे. खिडक्यांचे पडदे बंद करा, छताचा पंखा हवा बाहेर फेकेल असा चालू ठेवा, दार नुसतं टेकवा. कापड आपसूक आत ओढलं जातं, तुम्ही चारी बाजूंनी फिरून नुसती घडी सारखी करायची. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

ओलं कापड बंद केलं असेल तर पुढच्या मुक्कामी, किंवा घरी पोचताच, उघडून वाळवा. बुरशीचे काळे ठिपके एकदा शिवणीत शिरले की निघत नाहीत.

आणि भिंतींना सुटणारा घाम. दोन माणसांच्या श्वासानं सकाळी कापड ओलं होतंच. त्यात उघड्या ज्योतीचा हीटर लावला की आणखी. गॅस जळताना पाणीच तयार होतं: एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ. ती सगळी तुमच्या उशाशी. म्हणून ज्याचा धूर नळीनं बाहेर जातो तोच हीटर घ्या, गॅसचा असो की डिझेलचा. आत शेगडी पेटवाल तेव्हा छताची खिडकी आणि खालची एक फट उघडी पाहिजे, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या उंचीच्या जवळ, चालू बॅटरीचा. यात सवलत नाही. डिझेल हीटर फार उंचावर काजळी धरतो, तेव्हा उंचीनुसार जुळवून घेणारा मिळाला तर तोच पहा.

शेल पाहायला जाल तेव्हा केबिनवर येणाऱ्या भागाच्या खाली वाका आणि अंगठ्यानं कोपरे दाबा. मऊ लागलं तर आत पाणी मुरलंय. सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी खालची फळी बहुधा लाकडी असते. घडीच्या फळ्यांच्या बिजागऱ्यांत टोकाला चीर आहे का ते बॅटरीच्या उजेडात पहा. छत वर करून आत शिरा, दार लावून अंधार करा आणि बाहेरच्या उन्हाकडे बघा. कापडात सुईएवढी भोकं असली तरी ताऱ्यांसारखी दिसतात.

दुर्बीण:

रानवाट यांनी लिहिलंय त्याला माझा दुजोरा. दोन गोष्टी जोडतो.

कापडी भिंती सगळीकडे चालत नाहीत. अस्वलांच्या मुलखात काही ठिकाणी फक्त कडक भिंतींच्या गाड्यांना परवानगी असते. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आर.व्ही. पार्कमध्ये तंबूही नाही आणि कापडी पॉप-अपही नाही. अशा जागा तुमच्या यादीत असतील तर आधी नियम वाचा.

दुसरं, शेलहून हलकं हवं असेल तर एका बाजूनं उघडणारे, पाचरीच्या आकाराचे कॅम्पर आहेत. ते स्ट्रटवर अलगद उघडतात. पण ताठ उभं राहायला मागेच जागा मिळते आणि रात्री उतरायचं म्हणजे शिडी किंवा कसरत. आखडलेल्या खांद्याला ते मानवेल असं मला वाटत नाही. तुमच्यासाठी सपाट छत सरळ वर जाणारंच बरं.

लिथियमची बॅटरी घ्याल तर एवढं पाहा: 100 अँपिअर-अवरची साधारण 12 किलोंची येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. लेड-ॲसिडची अर्धीच वापरायची असते. मात्र शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नये, म्हणून ती आत, हीटरच्या उबेत ठेवा.

माळरान:

आज गाडी काट्यावर नेली. इंधनाची टाकी भरलेली, आम्ही दोघं आत, खालच्या संरक्षक पत्र्यासह 2165 किलो. दारावरच्या लेबलवर गाडीसकट एकूण मर्यादा 2540. उरले 375. फाळका (हौद्याचं मागचं दार) काढून ठेवला तर आणखी 20 मिळतील, म्हणजे 395. त्यातून शेलचे 310 वजा जाता 85 किलो हातात. त्यात पाणी 25 लिटर, लिथियम बॅटरी 12, लहान फ्रिज आणि खाणं 25, अंथरूण आणि कपडे 20. उरतात फक्त तीन. हीटर आणि स्ट्रट अजून धरायचेत, म्हणून पाणी किंवा खाणं कमी करून ते बसवावं लागेल. पाणी वाटेत भरत जाऊ.

रविवारी दोघं शेल बघायला जातोय. ती मालकाला सांगणार आहे की छत मीच उचलणार, कोणी हात लावायचा नाही. पाठीचा प्रयोग आताच जेवणाच्या टेबलाखाली करून झाला.

नटबोल्ट:

फाळका काढाच. जाताना आणखी एक काम करा. टकोमाचा हौदा पत्र्याचा नसून कंपोझिटचा असतो. शेल बांधायचे डोळे (गोल कड्या) हौद्याच्या तळाला नुसते बोल्ट मारून लावू नका. खालून रुंद पोलादी पट्टी घाला आणि जमेल तिथे थेट चासीला जोडा. नाहीतर धक्क्यानं डोळा तळातून उपटून येतो. मालकाची गाडी कुठली होती ते विचारा, कारण त्याची जोडणी तुमच्या हौद्याला तशीच लागू पडेल असं नाही. हौद्याची आतली रुंदी चाकांच्या उंचवट्यांमध्ये मोजून न्या, आणि कॅम्परचा पुढे केबिनवर येणारा भाग व केबिनचं टप यांत किती फट राहते तेही. ओबडधोबड रस्त्यावर केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात, तिथे मोकळी जागा हवी. बांधल्यावर पहिल्या 40-50 किलोमीटरनंतर थांबून ताणखिळे (शेल हौद्याला ताणून धरणारे स्क्रू) पुन्हा आवळा.

मोजलेले आकडे इथे टाका, रविवारी रात्री मी बघतो.