स्लूसमधून पिठासारखं बारीक सोनं निसटतंय: उतार बदलू, मॅट बदलू की चाळणी?

रेतीगाळ (प्रश्न)

सेटअप असा: १० इंच रुंद आणि ३६ इंच लांब ॲल्युमिनियमचा स्लूस (वाहत्या पाण्यात रेव धुऊन जड सोनं अडकवायची तिरकी पन्हळ). वरच्या १२ इंचांत खाचांची रबर मॅट, पुढे एक्स्पांडेड मेटलची जाळी आणि तिच्याखाली मायनर्स मॉस (बारीक सोनं धरून ठेवणारी तंतूंची जाड मॅट). पाणी पंपाने चढवतो. खाली एकच टब आहे आणि तेच पाणी पुन्हा फिरतं. रेव १२ मिमीच्या जाळीतून चाळतो. उतार ३६ इंचांना ४ इंच.

१ मिमीच्या वरचे कण पहिल्या अर्ध्या फुटातच अडकतात, त्यांची काळजी नाही. पण टेलिंगमधली (स्लूसमधून वाहून बाहेर पडलेल्या मालातली) माती पॅनमध्ये (सोनं धुवायच्या पसरट थाळीत) धुतली की दर वेळी बारीक ठिपके दिसतातच. दुसरं म्हणजे कॉन्सन्ट्रेटमध्ये (स्लूसमध्ये अडकून उरलेल्या जड मालात) काळी वाळू (मॅग्नेटाइटसारख्या जड खनिजांची) इतकी जमते की पॅनमध्ये सोनं तिच्यापासून शेवटपर्यंत सुटत नाही.

तीन प्रश्न आहेत. मॅट बदलायची का? कॉन्सन्ट्रेटसाठी ब्लू बाउल (पाण्याच्या भोवऱ्याने हलकी वाळू बाहेर काढणारं भांडं) घ्यावा की मिलर टेबल (पाण्याच्या पातळ पडद्याने वाळू वाहवणारी तिरकी पाटी) बनवावं? आणि पिठासारख्या सोन्याला पारा वापरतात असं वाचलं, ते घरी करता येतं का?

---

खडानिवड

मॅटला हात लावू नका. दोष चाळणीत आहे.

१२ मिमीचा गोटा स्लूसमधून पुढे ढकलायचा तर पाण्याला जोर लागतो. त्या जोरासाठीच उतार ३६ ला ४ ठेवावा लागला असणार. रूढ प्रमाण फुटाला साधारण १ इंच, म्हणजे तुमच्या लांबीला ३ इंच. गोटा वाहून नेणारं पाणी ०.१ मिमीची सोन्याची पापडीही नेतं. त्यात भर म्हणजे गोटा रिफलवरून (स्लूसच्या तळावरच्या आडव्या अडथळ्यांवरून) गडगडत जाताना मागचा भोवरा मोडतो आणि तिथे बसलेलं बारीक सोनं पुन्हा उचललं जातं.

आधी ६ मिमीची आणि मग २ मिमीची चाळणी लावा. २ मिमीच्या वरचा माल वेगळा धुऊन पॅनमध्ये बघा आणि मगच टाका, एखादा मोठा रवा त्यातच असतो. खालचा माल स्लूसमध्ये घाला. आता उतार ३६ ला २ ते २.५ इंचांवर आणा आणि रिफलवरची पाण्याची उंची जेमतेम १ ते १.५ सेंमी ठेवा.

उतार बरोबर आहे का, ते रिफलच सांगतं. मागच्या खाचेत काळी वाळू सतत हलत, उसळत असेल तर ठीक. खाच भरून वाळू दगडासारखी घट्ट बसली असेल तर पाणी कमी आहे किंवा माल जास्त पडतोय. खाच मोकळी, चकचकीत दिसली तर पाण्याचा जोर जास्त आहे. माल खुरप्याने थोडा थोडा, एकसारखा सोडा. बादली एकदम उपडी केली की वरचे सगळे रिफल बुजतात आणि ते मोकळे होईपर्यंत सोनं वरून सरळ निघून जातं.

टेलिंगचा नमुना ढिगातून घेऊ नका, ढिगात जड माल आपोआप तळाशी जातो. स्लूसच्या तोंडाशी पूर्ण रुंदीत भांडं धरा. सुरुवातीला, मध्ये आणि क्लीनअपच्या (मॅट काढून साठलेला माल धुण्याच्या) अगदी आधी, असे तीन नमुने वेगळे धुवा. फक्त शेवटच्यात सोनं दिसलं तर क्लीनअप उशिरा होतोय. तिन्हींत दिसलं तर उतार किंवा पाणी चुकतंय.

---

साका

वरचं बरोबर आहे, पण एकच टब असेल तर उतार कितीही जुळवला तरी त्रास संपणार नाही. चिकणमातीचं पाणी फिरून फिरून दाट होतं आणि दाट पाण्यात बारीक कण बुडायला वेळ लागतो. ३६ इंच संपण्याआधी तो वेळ मिळतच नाही.

दोन टब ठेवा. स्लूसचं पाणी पहिल्यात पडू द्या, त्याच्या वरच्या काठाखालच्या भोकातून दुसऱ्यात जाऊ द्या. पंप दुसऱ्यात, तळापासून हातभर वर टांगून. पाण्यात चार बोटं बुडवल्यावर बोटांची टोकं दिसेनाशी झाली की पाणी बदलायची वेळ.

चिकणमातीची ढेकळं तर चोरच. ओलं ढेकूळ मॅटवरून घरंगळताना अडकलेलं सोनं स्वतःला चिकटवून घेऊन बाहेर पडतं. असा माल रात्रभर बादलीत भिजवा, फावड्याने घुसळा, गढूळ पाणी निथळून टाका. ढेकूळ बोटांत फुटायला लागेस्तोवर नाही, ढेकूळच उरणार नाही इथपर्यंत. मगच चाळणीवर.

आणि पाण्यावर सोनं तरंगताना दिसतंय का, तेही बघा. हाताचं तेल, पंपाचं ग्रीस, नव्या प्लॅस्टिक पॅनवरचा साच्याचा तेलकट थर यांमुळे पातळ पापडी भिजत नाही आणि पाण्याच्या पृष्ठताणावर बसून निघून जाते. नवा पॅन भांड्यांचा साबण आणि वाळू घेऊन खरखरीत होईपर्यंत घासा. पॅनमध्ये साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. फिरत्या पाण्यात साबण घालू नका, पंप फेसाने भरतो. तिथे डिशवॉशरचा कमी फेसाचा रिन्स एजंट थेंबाथेंबाने चालतो.

---

मेशवाला

कॉन्सन्ट्रेटबद्दल. ब्लू बाउल की मिलर टेबल हा प्रश्न नंतरचा, आधी मालाचे आकार वेगळे करा.

सोन्याची घनता १९.३ (नदीच्या सोन्यात चांदी असते, म्हणून जरा कमी), मॅग्नेटाइटची सुमारे ५.२, क्वार्ट्झची २.६५. वाटतं की इतका फरक म्हणजे सोनं सहज वेगळं पडेल. मोठ्या कणांत पडतंही. पण कण बारीक होत गेला की पाण्याचा चिकटपणा वरचढ ठरतो. तिथे ०.१ मिमीचा सोन्याचा कण साधारण ०.२ मिमीच्या मॅग्नेटाइटच्या आणि ०.३ ते ०.३५ मिमीच्या क्वार्ट्झच्या वेगानेच बुडतो. हा हिशोब गोल कणाचा. सोन्याची चपटी पापडी आणखी सावकाश बुडते. मग २ मिमीपासून पिठापर्यंतचा सगळा माल एका पॅनमध्ये घेतला, तर मोठी काळी वाळू आणि बारीक सोनं एकत्रच राहणार. हात कितीही सराईत असला तरी.

म्हणून चाळण्या (मेश म्हणजे जाळीच्या एका इंचातली भोकं): २० मेश (०.८५ मिमी), ३० (०.६), ५० (०.३), १०० (०.१५). चाळताना चाळणी पाण्यात बुडवूनच हलवा, कोरडी चाळलीत तर बारीक सोनं मोठ्या कणांना चिकटून वर राहतं. हरेक गट वेगळ्या डब्यात ठेवा आणि वेगळा चालवा. ३० ते ५० चा गट पॅनमध्येही निघतो. ५० ते १०० ला टेबल हवं. १०० च्या खालच्याला टेबल आणि धीर.

मायनर्स मॉस धुताना एकाच बादलीत हलवून सोडू नका. उलटी करून, पिळून, तीन वेगळ्या बादल्यांत धुवा. तिसऱ्या बादलीच्या तळाशी पिवळं दिसत असेल तर चौथी घ्या.

---

पाटीवर_पाणी

माझं मत टेबलाला. ब्लू बाउल वाईट नाही, पण तो पंपाच्या दाबावर रुसतो. बॅटरी उतरली की भोवरा मंदावतो, व्हॉल्व्ह जरा जास्त उघडला की सोनं मधल्या शंकूवरून बाहेर. वापरायचाच असेल तर स्पिरिट लेव्हल लावून बसवा, माल आधी साबणाच्या पाण्यात भिजवा, पाणी अगदी कमी ठेवून सुरू करा आणि हलकी वाळू शंकूच्या काठावरून जायला लागेपर्यंतच वाढवा. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली एक पॅन ठेवाच.

मिलर टेबल घरी बनतं. २५ सेंमी रुंद, ४५ सेंमी लांब सपाट पाटी, तिच्यावर फळ्याच्या रंगाचे तीन हात. शेवटचा हात सुकल्यावर बारीक वॉटर पेपर हलकेच फिरवा. गुळगुळीत, चकाकणारा पृष्ठभाग इथे उपयोगाचा नाही, बारीक कणाला टेकायला खरखरीतपणा लागतो. वरच्या टोकाला आडवी नळी, तिला रुंदीभर सारख्या अंतरावर भोकं, भोकांचं तोंड मागच्या पट्टीकडे, म्हणजे पाणी आधी पट्टीवर आपटून शांत होईल. पाण्याचा पडदा १ ते २ मिमी जाड आणि पूर्ण रुंदीत एकसंध हवा. कोरडे पट्टे दिसले तर रंगावर तेल आहे, साबणाने धुवा.

उतार सुरुवातीला १८ इंचांना १ इंच. चारही कोपऱ्यांना बोल्टचे पाय लावा, म्हणजे बारीक फरक जुळवता येतो. एका वेळी चमचाभर माल वरच्या टोकाशी पसरा. काळी वाळू सरकत जाईल, सोनं जागीच थांबेल. वाळूच थांबली तर वरच्या टोकाचे बोल्ट अर्धा फेरा वर. १०० मेशखालच्या मालाला उतार आणि पाणी दोन्ही कमी करा, आणि वाळू मऊ ब्रशने वरून खाली हळूच पुढे करा. साठलेलं सोनं सक्शनच्या बाटलीने उचला.

---

रेतीगाळ

चुंबकाने काळी वाळू आधीच काढली तर काम हलकं होईल ना? आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये काही कण पिवळे नाहीत, चंदेरी-पांढरे आहेत, पण जड आहेत.

---

साका

ते चंदेरी कण आधी बाजूला ठेवा आणि गरम करू नका. सोन्यावर पारा चढला की असा रंग येतो. जुन्या खाणकामाचा पारा अनेक नद्यांच्या गाळात अजून आहे. शिशाचा छराही चंदेरी दिसतो, पण तो करडा असतो आणि सुईने टोचला की चकचकीत ओरखडा उठतो.

पारा वापरण्याचं उत्तर एका शब्दात: नको. तो ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण वाफ साध्या तापमानालाही सोडतो आणि त्या वाफेला वास नाही. कॉन्सन्ट्रेट चुलीवर वाळवणारे बरेच असतात. पारा असण्याची शंका असेल तर ते उघड्यावरही नाही. पातळ पसरून उन्हाच्या आडोशाला, घराबाहेर वाळू द्या आणि चंदेरी कण बंद बाटलीत पाण्याखाली ठेवा.

---

मेशवाला

चुंबक चालतो, पण थेट मालात बुडवू नका. काळ्या वाळूचे झुपके सोनं कवेत घेऊन वर येतात. प्लॅस्टिकच्या डबीत चुंबक, पॅनमध्ये पाणी, माल पातळ पसरलेला. डबी पृष्ठभागाच्या जरा वरून फिरवा, दुसऱ्या पाण्याच्या पॅनवर नेऊन चुंबक डबीतून बाहेर काढा, वाळू गळून पडेल. तीच वाळू पुन्हा एकदा चुंबकाने उचला, अडकलेलं सोनं या दुसऱ्या फेरीत पॅनमध्ये राहतं. मात्र यात मॅग्नेटाइटच जातो. हेमॅटाइट, गार्नेट, झिरकॉन मागे राहतात, त्यांच्यासाठी टेबल टळत नाही.

पिवळं सगळं सोनं नसतं. पॅन सावलीत तिरका करा: अभ्रक आणि पायराइटची चमक जाते, सोनं तसंच पिवळं दिसतं. सुईने दाबलं तर पायराइट फुटतो, सोनं दबतं.

---

रेतीगाळ

कळलं. चाळण्या आणि दुसरा टब आधी. पीठ वितळवायचं झालं तर ज्योतीने उडून जात नाही का?

---

पाटीवर_पाणी

उडतं. मूस आधी बोरॅक्सने (टाकणखाराने) काचेसारखी माखून घ्या. सोन्यात काळी वाळू जवळपास नसावी, नाहीतर बोरॅक्सचा गाळ दाट होऊन बारीक मणी त्यातच अडकतात. पीठ साध्या टिश्यू पेपरच्या छोट्या पुडीत चिमूटभर बोरॅक्ससह बांधा, पुडी ओलसर करा, मुशीत ठेवा. ज्योत आधी मुशीच्या कडांवर फिरवा, कागद जळून बोरॅक्स पातळ झाला की मग सोन्यावर. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी मिसळलेलं थोडं आधी. एकच मणी गोळा होऊन फिरायला लागला की ज्योत काढा. चंदेरी कण यात अजिबात नकोत.