विषय: कायगो होकेन, वाढदिवस 1 तारखेचा

मंडळी, जूनच्या पगाराच्या स्लिपवर नवीन ओळ आलीये, कायगो होकेन, म्हणजे इथला जपानचा म्हातारपणी-आजारपणी देखभालीचा सरकारी विमा. माझी चाळिशी 1 जूनला पूर्ण झाली, तर मे महिन्याचं कसं कापलं? आणि मुळात चाळिशीच का? शेजारच्या टेबलवरचा 35 वर्षांचा, पगार माझ्यापेक्षा जास्त, त्याला शून्य. आम्ही दोन-तीन वर्षांत पुण्याला परत जाणार, नेनकिनचं (पेन्शनचं) निदान अर्ज करून काही परत मिळतं, ह्यातला एक येन मिळत नाही. कोणी सूट मिळवलीये का?
मंदार

मंदार, इथे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वय पूर्ण धरतात, तुझं 31 मे, म्हणून मे लागला. एचआरशी भांडू नकोस, सूट नाही. अर्धा हप्ता कंपनी भरते तेही बघ. हे सगळं नवीन आलेल्यांच्या फाईलमध्ये आहे, ती फाईल मीच अपडेट करते, कृपया कोणी वेगळी सुरू करू नका, गेल्या वर्षीचा घोळ आठवतोय ना.
सुजाता

ताई, फाईल वाचली. पण 65च्या आधी काही मिळतच नाही मग 25 वर्षं नुसतं भरत बसायचं? घ्यायचं तर सगळ्या कमावत्यांकडून थोडं थोडं घ्या, जर्मनीत घेतात, उलट 23 पूर्ण झालेल्या मूल नसलेल्यांकडून थोडं जास्तच.
निखिल

निखिल, मिळतं रे. ह्यांना 58व्या वर्षी स्ट्रोक झाला, 16 आजारांची यादी आहे त्यात बसला. वॉर्ड ऑफिसची बाई घरी आली, ह्यांना खुर्चीतून उठायला सांगितलं, शर्टाची बटणं लावायला सांगितली, ह्यांना दुसरं बटण जमेना आणि मी मदतीला हात पुढे केला तर तिने हळूच थांबवलं. नंतर बाथरूममध्ये धरायला दांडा बसला, दहावा हिस्सा आमचा, बाकी कायगोतून. पुण्यात सासूबाईंना दिवसाची बाई ठेवली होती, तिचा पूर्ण पगार आम्ही तिघं भावंडं भरायचो. तेव्हा कापतात ते कापू दे.
काकू

काकू, काकांचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं पटतंय. पण चाळिशीचं कारण देतात की ह्या वयात आईवडील थकतात. माझे आईबाबा कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांच्यासाठी मी पैसे वेगळे पाठवतो आणि इथेही भरतो. दोन्हीकडून भरणाऱ्याचा विचार ह्यात कुठेच नाही, एवढंच म्हणणं आहे.
मंदार

काकू, ती 16 आजारांची यादी आणि दांड्याचा फॉर्म असेल तर स्कॅन करून मलाच पाठवा, लिस्टवर नको, फाईलमध्ये घालते.
सुजाता