सगळं जीवन प्रभूला द्यायची भीती वाटते, तुम्हालाही वाटते का?

सदरवाली:
जय ख्रिस्त सगळ्यांना. लहानपणापासून नागपुरात सदर भागातल्याच चर्चमध्ये जाते, क्वायरमध्ये गाते, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देते, तरी 'प्रभू, माझं सगळं तुझं' म्हणायची वेळ आली की घसाच बंद होतो. कारण तो काय मागेल ते मला माहीत आहे न. बाबांच्या घराच्या वाटणीवरून दादाशी सहा वर्षं बोलणं बंद आहे, आणि प्रभूला पूर्ण आत घेतलं तर पहिले तो दादालाच फोन लावायला लावेल. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण्यांना सोडल्याची, म्हणजे दुसऱ्यांना माफ केल्याची ओळ आली की मी नुसते ओठ हलवते. हा अविश्वास आहे का? रात्री झोप नाही लागून राहिली.

धरमपेठकर:
ताई, अविश्वास असता तर भ्यायचं कारणच काय होतं? तो मागेल हे तुम्ही खरं धरलंय. बायबलात लूक ५ वाचा, येशूच्या सांगण्यावरून जाळी टाकली आणि ती फाटायला लागली इतके मासे मिळाले, तर कोळी असलेला पेत्र खुश व्हायचं सोडून येशूच्या पाया पडला, म्हणे प्रभू माझ्यापासून जा, मी पापी माणूस आहे. येशू गेला नाही, भिऊ नको म्हणाला. आणि प्रकटीकरण ३:२० मधलं येशूचं दार ठोकणं आपण बाहेरच्यांसाठी समजतो, पण ते पत्र लावदिकीया गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला आहे, म्हणजे आपल्यासारख्या आतल्यांनाच.

कामठी रोडची काकू:
बेटा, रेव्हरंड टिळकांचं घर आठव. राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना नवा करार मिळाला, १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, पुढे जवळपास पाच वर्षं लागली. सोवळंओवळं काही एका दिवसात सुटलं नाही त्यांचं. तेवढी वर्षं देवाने वाट पाहिली न बाप्पा, तुझी नाही पाहणार?

मानेवाडा:
मी जरा वेगळं सांगतो. एका प्रार्थना ग्रुपमध्ये समर्पण समर्पण करून माझ्याकडून नोकरी सोडवली, वर्षभर घरी बसलो, देव तसं काही बोलला नव्हता. म्हणून भीती देवाची आहे की माणसांची ते आधी पाहा. आणि भावाला माफ करणं म्हणजे हिस्सा सोडणं नाही, ते वकिलाकडे राहू द्या.

सदरवाली:
हिस्सा आणि माफी मी एकच धरून बसली होती, हे कोणी सांगितलंच नव्हतं. काकू, पाच वर्षं वाचून रडू आलं. फोन नाही केला अजून. पण काल प्रार्थनेत दादाचं नाव घेतलं आणि प्रभूला सांगितलं की मी भिते. सोमवारी त्याच्या मुलीचा वाढदिवस आहे, तिला लावून पाहते.