उशिरा पुन्हा गणित: तुमचा अनुभव सांगा

१९९० साली बारावी सायन्स झाले आणि गणित सुटलं. पुढं बी.कॉम., बँक, संसार. गेल्या वर्षी लेकीची जुनी पुस्तकं रद्दीत द्यायला काढली आणि कलनाचं (कॅल्क्युलसचं) पुस्तक उघडून तिथंच फरशीवर बसले. क्ष² चं अवकलन, म्हणजे वाढीचा दर, २क्ष, हे अजून तोंडपाठ होतं. पण का? वहीत चौरस काढला, बाजू क्ष. ती किंचित वाढवली की दोन कडांना दोन पट्ट्या लागतात, प्रत्येकीची लांबी क्ष, आणि कोपऱ्यात एक इवलासा चौकोन. वाढ जितकी बारीक, तितका तो कोपरा नगण्य. उरल्या दोन पट्ट्या. २क्ष! त्या दिवशी स्वयंपाक तासभर उशिरा झाला.

कोल्हापुरात, आसपास असं आणखी कुणी आहे का? परीक्षेसाठी असो की आवडीनं, जरूर लिहा.

मंगळवार पेठेतून

ताई, मी नववीत शाळा सोडलेली. त्रेचाळिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. आमची मेस आहे. सकाळी भाकऱ्या, दुपारी भांडी आवरली की वही. उणे गुणिले उणे अधिक, हे काही केल्या पटंना. शिकवणीत विचारलं तर म्हणाले, नियम आहे, पाठ करा. शेवटी उधारीच्या वहीत सापडलं. वाण्याचे ५० रुपये देणं म्हणजे माझ्या खात्यात उणे ५०. अशा तीन चिठ्ठ्या त्यानं फाडल्या, म्हणजे उणे ५० तीनदा काढून घेतलं. मी १५० नं वर आले की! समासात तारीख घालून ठेवली. गणितात ६१ मार्क पडले, गुणपत्रिका देव्हाऱ्याशेजारी लावलीय. शिकवणाऱ्यांना हात जोडून सांगते, मोठ्या माणसाला 'पाठ करा' म्हणू नका. लई लागतं ते.

राजारामपुरीतून, वय ७१

नातवामुळं सुरू झालं. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ हा अंक. चारही सारखे नसलेले कुठलेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, परत तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतोच. आम्ही रंकाळ्यावर बसून गाड्यांच्या नंबरांवर करतो. प्रत्येक वजाबाकीला ९ नं भाग का जातो, हे मी चार दिवस लावून स्वतः सिद्ध केलं. अंक तेच, जागा तेवढ्या बदललेल्या, आणि १०, १००, १००० ला ९ नं भागलं की बाकी १च. म्हणून दोन्ही संख्यांची बाकी सारखी, वजाबाकीत ती उडते. नोकरीत अशी झोप कधी लागली नव्हती.

उद्यमनगरातून

टूलरूमला आहे. २०० मिमीचा साइन बार (कोन लावायची पट्टी), ३० अंश हवेत, तर एका टोकाखाली १०० मिमीचे स्लिप गेज (नेमक्या मापाचे ठोकळे). तक्ता भिंतीवर होता, पंचवीस वर्षं तोच बघितला. निम्मंच का, हे पुतण्यानं विचारलं तेव्हा बसलो. समभुज त्रिकोण मधोमध कापला की वरचा ६० चा कोन ३० होतो आणि समोरची बाजू निम्मी. मग १५ आणि ४५ पण कागदावर काढले.

गारगोटीहून

दूरशिक्षणातून बी.एस्सी. गणित धरलं होतं. पुस्तकं सत्र संपता संपता आली, पदवी सोडली. विषय सोडलेला नाही. पण सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येतल्या एप्सिलॉन-डेल्टावर दोन महिने अडकलोय.

उद्यमनगरातून, परत

गारगोटीवाले, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, असतो तो एप्सिलॉन समजा. त्यात जॉब बसायला सेटिंग किती जवळ ठेवायचं, ते डेल्टा. गिऱ्हाइकानं टॉलरन्स ०.०२ दिला, उद्या ०.००१ केला, कितीही घट्ट केला तरी त्याला पुरेल असं सेटिंग दरवेळी सापडलं पाहिजे. पुस्तकातली व्याख्या आता शेजारी ठेवून वाचा. सुट्टीला कोल्हापुरात आलात तर या, मायक्रोमीटर हातात देऊन दाखवतो.